आडवी फांदी

टेकडीवरच्या वाटा कुणी आखत नाही. आधी गुरं जातात, त्यांच्या मागून गुराखी, मग सरपणाला निघालेल्या बायका, मग फिरायला येणारी माणसं आणि सगळ्यांच्या शेवटी पाणी. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी आम्ही काही जण कुदळ-फावडी घेऊन जे करतो, ते मुख्यतः या शेवटच्या वाटसरूसाठी. माणसांशी निदान वाद तरी घालता येतो.

वेताळ टेकडी म्हणजे शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे खालच्या पेठांपेक्षा जवळजवळ अडीचशे मीटर वर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला दगडाच्या जुन्या खाणी, बराचसा भाग भांबुर्डा वन म्हणून वनखात्याकडे. लॉ कॉलेज, गोखलेनगर, पाषाण, पंचवटी, कोथरूड अशा चहूबाजूंनी लोक वर येतात. प्रत्येक वस्तीची आपापली वाट आहे, आणि आपलीच वाट खरी असा प्रत्येकीचा समजही.

ही टेकडी बसाल्टची. काळ्या दगडावर मुरूम, मुरमावर मातीचा पातळ थर. काही ठिकाणी तो इतका पातळ की कुदळीचा दुसरा घाव खडकावर खणकतो. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने उन्हाचं राज्य. अशा जागी शेकडो पाय रोज त्याच पट्ट्यावरून गेले की आधी गवत मरतं, मग माती दबते. दबलेली माती पाणी पीत नाही. जूनमधली पहिली जोरदार सर येते ती सरळ वाटेवरून धावत सुटते आणि मातीचा सैल थर घेऊन खाली उतरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वाहून नेण्याची ताकद दुपटीवर थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून जिथे चढ उभा, तिथे दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. घळीत गोटे उघडे पडतात, पाय मुरगळतात, म्हणून लोक कडेच्या गवतातून चालू लागतात. मग तिथलं गवत मरतं. वर उभं राहून पाहिलं तर एकाच उतारावर शेजारी शेजारी चार पांढरट पट्टे दिसतात आणि चारही जण एकाच ठिकाणी जाऊन भेटतात.

यावरचा उपाय ऐकायला अगदी सोपा आहे. वाटेवर आलेलं पाणी वेग धरायच्या आत बाजूला काढून द्यायचं. वाटेला आडवी, पण काटकोनात नाही तर तिरकी, दगडांची एक ओळ बसवायची. ओळीचं खालचं टोक उताराच्या मोकळ्या अंगाला उघडं ठेवायचं, म्हणजे पाणी दगडांना लागून हळूच गवतात उतरतं. ओळ काटकोनात घातली तर पाणी मागे तुंबतं, गाळ साचतो आणि एके दिवशी सगळंच उडी मारून पुढे जातं. फार तिरकी घातली तर ओळच पन्हळ होते आणि टोकाशी नवी घळ खणते. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गेला पाहिजे. नुसता वर ठेवलेला दगड गणपतीपर्यंतही टिकत नाही.

हे सगळं आम्हाला शिकवलं ते आमच्यातल्या एका गवंड्याने. बाकी आम्ही म्हणजे निवृत्त बँकवाले, वास्तुरचना शिकणारी दोन मुलं, एक दंतवैद्य आणि माझ्यासारखी, हातात पेनापलीकडे काही न धरलेली. जमीन कुणाची, परवानगी कुणाची, याबद्दल बँकवाल्यांना सगळं ठाऊक. दगडाबद्दल मात्र त्या एकालाच. "ताई, दगड झोपवायचा, उभा नाय करायचा," तो मला म्हणाला होता. सिमेंट न घालता रचाई करताना प्रत्येक दगडाची कुठली बाजू खाली जाईल हे तो हातात फिरवूनच ठरवतो, आणि फटींत चिपा ठोकतो त्या इतक्या नेमक्या की नंतर तो दगड आमच्यापैकी दोघांनाही हलत नाही. दगड उचलायचा कसा हेही त्यानेच दाखवलं. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असलं तर त्याला पळायला पलीकडची बाजू मोकळी सापडते आणि मध्ये दगडाची ढाल राहते. काम नसलेला दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा. त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

वाट दुरुस्त करण्यात खरी कसरत मात्र दगडांची नाही, एखादी वाट बंद करण्याची आहे. चांगली वाट उताराला आडवी जाते. नुसत्या डोळ्यांनी जोखायचा नियम असा की वाटेचा चढ त्या उताराच्या चढाच्या निम्म्याहून कमी असावा. त्याहून उभी वाट ही वाट नसते, ओढ्याची सुरुवात असते. पण नागमोडी वळणावर पोचलेल्या माणसाला खालचं वळण समोर दिसत असतं, आणि दिसत असलेल्या ठिकाणी सरळ न जाणं पुणेकराच्या स्वभावात नाही. तो मधून उतरतो. त्याच्या मागून दुसरा. म्हणून आम्ही अशा आडमार्गाच्या तोंडाशी हिवराची किंवा बाभळीची एखादी वाळकी काटेरी फांदी आडवी टाकतो, मागची जमीन कुदळीने थोडी सैल करतो, गवताचे ठोंब लावतो. पुढच्या रविवारी फांदी बाजूला भिरकावलेली असते. आम्ही ती परत ठेवतो. यात रागवायचं काही नाही असं मी स्वतःला सांगते आणि दर वेळी थोडी रागावतेच.

याच टेकड्यांवर एकेकाळी दामोदर धर्मानंद कोसंबी हिंडत. ते भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर राहत, आणि गणितातून उसंत काढून पुण्याच्या आसपासच्या माळांवर सूक्ष्मपाषाण वेचत, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी हत्यारं. १९६२ साली निघालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी मांडलं की ही हत्यारं, देवतांची जुनी ठाणी आणि ऋतूप्रमाणे जनावरं घेऊन फिरणाऱ्या लोकांचे मार्ग यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि पुढच्या काळातले व्यापाराचे व यात्रेचे रस्ते कित्येकदा त्याच जुन्या वाटांमागून गेले. पालखीच्या रस्त्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

कोसंबींचं म्हणणं मला कामाला आलं ते भलत्याच ठिकाणी. पाषाणच्या अंगाला एक घसरडी वाट होती. तिच्याऐवजी नवी कुठून काढावी यावर आमचा बराच खल झाला. वास्तुरचनावाल्या मुलांनी कागदावर रेघाही ओढल्या. तिथे शेळ्या घेऊन येणारे एक मामा खडकावर बसून आमची गंमत बघत होते. त्यांनी काठीने दाखवलं: अहो, ही काय वाट. गवतात जेमतेम वितभर रुंदीची एक रेघ उताराला आडवी गेली होती, हळूहळू चढत, खडक टाळत, बोरीच्या झुडपाला वळसा घालून. चरत चाललेलं जनावर उभं चढत नाही. तोंड गवतात असतं, घाई नसते, म्हणून ते उताराला धरून जातं. घाई माणसाला. आम्ही ती रेघच थोडी रुंद केली. मुलांचा कागद आणि शेळ्यांची रेघ यांत एका वळणाचा फरक होता, आणि तिथेही शेळ्यांचं बरोबर निघालं.

म्हणून गुरं हीच टेकडीची शत्रू, हे जे फिरायला येणारे आम्ही लोक सहज बोलून जातो, ते मला आता पटत नाही. बेसुमार चराई वाईटच. पण तितकंच नुकसान आमच्या प्रेमाने केलेलं आहे, आणि त्या प्रेमाला हंगाम असतो: जुलै. पहिला पाऊस बसला की एकसारखे टी-शर्ट घातलेले जथे रोपं घेऊन चढतात, माळावर खड्डे घेतात, रोप लावतात, फोटो काढतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. झाड म्हणजे चांगलं आणि गवत म्हणजे रिकामी जागा, एवढंच त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. सरकारी कागदांतही माळ कित्येक वर्षं 'पडीक' म्हणूनच नोंदला गेला.

त्या रिकाम्या जागेत कुसळी असतं, पवन्या, मारवेल असतं. गवतात तित्तर आणि रानलावे अंडी घालतात. पाऊस पडला की महिन्याभरात माळावर अशी फुलं येतात जी सावलीत येणारच नाहीत. झाडं हवीतच, पण इथली: सालई, मेढशिंगी, मोई, धामण, पळस, आणि निष्पर्ण फांद्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळ्याजर्द फुलांचे गुच्छ मिरवणारा गणेर. ही झाडं विरळ, खुरटी, एकमेकांपासून अंतर राखून वाढतात. घनदाट हिरवं पाहायला आलेल्याला ती गरीब दिसतात. मागच्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं ते याच हिरव्याच्या भुकेपोटी. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड तोडलं तरी फुटतं, दगडातही जगतं आणि भराभर वाढतं. लावणाऱ्यांना यश दिसलं. आज त्याच्या गर्दीत मैलभर चाललं तरी खाली नवं रोप क्वचित दिसतं. मात्र ते सगळं एका वर्षात उपटून टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. मुळं धरून ठेवणारं दुसरं काही उभं राहण्याआधी ते काढलं तर पहिल्याच पावसात माती खाली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येईल.

लावलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून मरतं आणि दुसऱ्यात वणव्याने. पाण्यासाठी निदान ते पाच लिटरचे कॅन हातात घेऊन चढणारे आजोबा आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला थट्टेचा शब्द सुचत नाही. वणव्याचं काम मात्र डिसेंबर-जानेवारीतच करावं लागतं. गवत पुरतं वाळायच्या आत जाळरेषा साफ करायच्या, म्हणजे आग ओलांडू शकणार नाही इतका रुंद पट्टा गवत कापून मोकळा ठेवायचा. पट्टा जाळून काढणं हे वनखात्याचंच काम. आम्ही विळे चालवतो. कुसळं मोज्यांतून आत जातात आणि घरी आल्यावर अर्धा तास ती वेचण्यात जातो. या मोसमात आम्हाला नवे स्वयंसेवक मिळत नाहीत, कारण फोटोत दाखवण्यासारखं काहीच नसतं. उतारावर खालून लागलेली आग वारा मिळाला की माणसापेक्षा जोरात वर चढते. तिच्यासमोर हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत उभं राहायची वेळ आली की वर्षभर जपलेली पायवाट काय असते ते कळतं. आग बऱ्याचदा त्या दोन-तीन फूट उघड्या जमिनीपाशीच मंदावते.

दोन-तीन फूट. त्याहून रुंद नको, यासाठीच आमचा सगळा आटापिटा. पण टेकडीवर वाटा काढू पाहणारे आम्ही एकटे नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे यांच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यात आमचीही माणसं होती. मीही चालले. परतताना आमच्यातला एक जण म्हणाला, आपण तर माणसांना आडवाट घेऊ नका म्हणून सांगतो, आणि आपण खाली उतरलो की कोथरूडहून सेनापती बापट रस्त्यावर जायला गाडीत बसून वीस मिनिटं वाचवायची आडवाट मागतो. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मी रस्त्याच्या विरोधातच आहे. पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं, आणि मोर्चात चाललेल्या बऱ्याच जणांच्या गाड्या खाली लावलेल्या होत्या, माझ्यासकट.

सध्या आमच्यात दुसराच वाद चालू आहे. गोखलेनगरकडून येणाऱ्या चढावर एक टप्पा खडकाळ आहे. तिथे रोज येणाऱ्या एका आजींनी विचारलं की चार पायऱ्या आणि धरायला कठडा करून द्याल का, गुडघे ऐकत नाहीत. वास्तुरचनावाली मुलं म्हणाली, पायऱ्या केल्या की पाणी पायऱ्यांच्या कडेने खणणार, आणि आज चार पायऱ्या मागणारे उद्या फरसबंदी मागतील, परवा दिवे. दोन्ही खरं. फरसबंदी झालेल्या टेकड्या आम्ही पाहिल्या आहेत. बँकवाल्यांपैकी दोघे, बहुधा स्वतःच्या गुडघ्यांना स्मरून, आजींच्या बाजूने. गवंड्याचं मत वेगळंच: चार नको, सहा करू, पण उंची वितेपेक्षा कमी, आणि प्रत्येक पायरी जराशी बाहेरच्या अंगाला उतरती, म्हणजे पाणी पायरीवर थांबणार नाही. कठडा नको, धरायला तिथे मेढशिंगीचं झाड आहेच.

मुलांना ते झाड धरून धरून सोललं जाईल ही भीती आहे. वनरक्षकांना विचारून मग ठरवायचं, असं तूर्त ठरलं आहे. दगड मात्र गवंड्याने आधीच निवडून, चढाच्या पायथ्याशी एका रांगेत लावून ठेवले आहेत.