बेवारस मालाची राखण

पोलीस शिक्षणाविषयी बोलताना कवायत, नेमबाजी आणि गुन्ह्याचा तपास यांचाच उल्लेख होतो. परंतु ज्या मालाला फिर्यादी नाही, वकील नाही आणि ज्याच्याविषयी विचारणा करण्यास कोणी कचेरीत येणार नाही, तो माल शिपाई कसा हाताळतो, यावरून त्याच्या शिक्षणाची जेवढी खरी परीक्षा होते, तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही, असे माझे पोलीस खात्यातील नोकरीअंती आणि कायद्याच्या अध्यापनाअंती बनलेले ठाम मत आहे.

हे मत नाशकात मांडण्यास कारणही आहे. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने हिंदुस्थानातील पोलिसांची दुरवस्था उघडपणे मांडून प्रांतोप्रांती शिक्षणशाळा काढण्याची शिफारस केली. त्यानंतर १९०६ साली पुण्यानजीक भांबुर्ड्यास निघालेली शाळा १९०९ मध्ये नाशकास आली, आणि त्र्यंबक रस्त्यावरील आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी हे तिचेच विस्तारलेले रूप होय. तेथे उपनिरीक्षक घडतात, शिपायांच्या शाळा राज्यात अन्यत्र आहेत. आणि बेवारस वस्तू प्रथम हाती येते ती बहुधा शिपायाच्याच.

ती हाती आल्यावर काय करावे, याविषयी कायदा संदिग्ध नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ मध्ये असलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मध्ये आलेली तरतूद अशी की, पोलिसांनी जप्त केलेल्या मालाची खबर दंडाधिकाऱ्यास द्यावी. मालक अज्ञात असल्यास दंडाधिकाऱ्याने वस्तूंचे वर्णन देऊन जाहीरनामा काढावा आणि हक्कदारास सहा महिन्यांची मुदत द्यावी. त्या मुदतीत कोणी हक्क शाबीत न केल्यास मगच तो माल सरकारच्या स्वाधीन होऊन त्याचा लिलाव होऊ शकतो. नाशवंत मालाची विक्री मात्र तत्पूर्वीही करता येते. या साऱ्या व्यवस्थेचा आधार एकच आहे, आणि तो म्हणजे पहिल्या दिवशी ठाण्यात लिहिलेले वर्णन.

नाशकातील गोदाकाठच्या रामकुंडाचे उदाहरण घ्या. तेथे अस्थिविसर्जनासाठी आलेली माणसे श्रद्धेने नाणी पाण्यात सोडतात. त्या नाण्यांवरचा हक्क त्यांनी स्वेच्छेने टाकलेला असतो. परंतु त्याच पायरीवर स्नान करताना एखाद्या वृद्धेच्या बोटातून निसटलेली अंगठी ही टाकलेली वस्तू नव्हे. ती त्या वृद्धेचीच राहते, मग ती वाराणसीची असो की वाशीमची, आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत तिला ती हरवल्याचे कळलेही नसो. हा भेद न जाणणारा शिपाई, मनाने प्रामाणिक असूनही, दोन्ही वस्तूंना एकच मानून मोकळा होतो.

आता ती अंगठी पंचनाम्यात ‘सोन्याची अंगठी’ म्हणून लिहावयाची नाही; पोलीस हा सराफ नव्हे, म्हणून ‘पिवळ्या धातूची’ असे लिहावे, हे प्रत्येक जुना हवालदार सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबणे हे मात्र शिक्षणाचे अपयश होय. वजन किती, खडा कोणत्या रंगाचा, घडण कशी, आतल्या बाजूस सोनाराचा शिक्का आहे की नाही, हे दोन पंचांसमक्ष टिपून, छायाचित्र घेऊन, पाकिटास लाखेचे सील लावून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवून आणि मुद्देमाल नोंदवहीतील क्रमांक त्यावर घालून ते पाकीट मुद्देमाल कारकुनाच्या हवाली केल्याखेरीज काम पुरे होत नाही. जाहीरनाम्यात मात्र हे सर्व तपशील उघड करू नयेत. एखादी खूण राखून ठेवावी, कारण तीच विचारून खऱ्या आणि तोतया हक्कदारांत निवड करता येते. ही सारी विद्या पुस्तकातील कलम वाचून येत नाही; ती हाताने लिहवून घ्यावी लागते.

ठाण्यांच्या आवारात गंजणाऱ्या वाहनांची कथा याहून क्लेशदायक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या निकालात असा माल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ पडू न देण्याचे, पंचनामा व छायाचित्रे घेऊन तो हमीपत्रावर परत देण्याचे आणि विमा उतरवलेल्या वाहनाबाबत विमा कंपनीस कळविण्याचे बजावले आहे. चासी क्रमांकावरून परिवहन कचेरीत मूळ मालक शोधणे हे तासाभराचे काम. ते न केल्यामुळे कोणाच्या तरी घामाची कमाई पावसात कुजते, याचे मला मनापासून दुःख होते.

येथे नाशकात येऊ घातलेल्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा विचार करणे भाग आहे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी मागे राहिलेली पिशवी, चष्मा, गाठोड्यात बांधलेला पत्ता हीच मृताची ओळख पटविण्याची साधने ठरतात, आणि ती वस्तू कोणाजवळ, कोठे सापडली याची नोंद नसेल तर कुटुंबापर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होते. २०२७ च्या पर्वणीसाठी परजिल्ह्यांतून बंदोबस्तास येणाऱ्या प्रत्येक शिपायाला घाटावर उभे करण्यापूर्वी किमान एक दिवस केवळ सापडलेल्या मालाच्या पंचनाम्याचा प्रत्यक्ष सराव द्यावा, आणि ज्याला तो निर्दोष लिहिता येणार नाही, त्याच्याकडून तो पुन्हा लिहवून घ्यावा, अशी माझी वरिष्ठांना विनंती आहे.

नागरिकांनाही एक सांगावयाचे आहे. सापडलेली वस्तू राखणाऱ्यावर भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७१ ने ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी टाकली आहे, आणि ती अप्रामाणिकपणे पचविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालील गुन्हा आहे. तेव्हा घाटावर, बसस्थानकावर किंवा रस्त्यात काही सापडल्यास ते जवळच्या ठाण्यात द्यावे, वस्तूचे वर्णन आपल्यासमोर लिहवून घ्यावे, आणि ठाणे अंमलदाराकडून सहीशिक्क्याची पावती घेतल्यावाचून तेथून उठू नये.