शब्बोची ईदी

गेल्या रमजान ईदला नणंद मुंबईहून आली. मुलांना ईदी दिली आणि आमच्या मांजरीसाठी, शब्बोसाठी, एक पुडी काढली. कॅटनिप! पुदिन्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा वाळवलेला पाला. मुलीने चिमूटभर चटईवर टाकला. शब्बोने हुंगला, गाल घासले, मग चटईवर गडाबडा लोळू लागली.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, जानमाजवरून उठत होत्या. म्हणाल्या, "अगं, मुक्या जनावराला नशा देता? गुनाह लागेल."

मी गप्प. वर्गात "आधी माहिती घ्या, मग मत द्या" सांगणाऱ्या बाईंकडे उत्तरच नव्हतं.

मग वाचून काढलं. त्या पाल्यात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं. त्याचा वास नाकावाटे मांजराच्या मेंदूला चाळवतो. हा खेळ पाच ते पंधरा मिनिटांचा. मग मांजर आपोआप शांत होतं आणि पुढे निदान अर्धा तास त्याला त्या वासाचं काही वाटत नाही. दारूसारखं व्यसन जडत नाही. साधारण तीनांतल्या एका मांजरावर तर काहीच परिणाम होत नाही. ते उपजतच असतं. अगदी लहान पिल्लंही ढुंकून पाहत नाहीत.

अम्मींना हे सांगितलं. "मग ठीक," त्या म्हणाल्या, "पण जपून."

ते जपणंच मी विसरले. पुडी ओट्यावर उघडी राहिली. शब्बोने ती फाडून बराच पाला खाल्ला. रात्री उलट्या, जुलाब. अम्मी पाण्याची वाटी घेऊन पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून धीर दिला. म्हणाले, "हुंगणं वेगळं, पोटभर खाणं वेगळं. चिमूटभरच द्या, तेही आठवड्यातून एक-दोनदा. त्याचं तेल मात्र घरात आणू नका, ते फार तीव्र असतं. गाभण किंवा आजारी मांजराला विचारल्याशिवाय देऊ नका." संध्याकाळपर्यंत शब्बो सावरली, अल्हमदुलिल्लाह.

आता पाला घट्ट झाकणाच्या बरणीत, वरच्या फळीवर असतो. जुम्म्याच्या दुपारी अम्मी स्वतः बरणी मागतात, दोन बोटांत मावेल तेवढाच पाला चटईवर टाकतात आणि हाक मारतात, "ये शब्बो, तुझी ईदी आली!"