बंदूक ठाण्यात, काडतुसं घरात

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. लोकसभेच्या निवडणुकीमुळे आमची बंदूक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा होती. रत्नागिरीचं मतदान २३ एप्रिललाच उरकलं होतं, पण निकाल २३ मेला लागायचा होता आणि तोवर बंदूक परत मिळणार नव्हती. पडवीतली खुंटी रिकामी होती. त्यामुळे घरात हत्यार नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दुपारी तीनच्या सुमाराला मी बागेतून परत आलो. मागच्या दारी काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. डोंबिवलीहून सुटीला आलेला माझा तेरा वर्षांचा पुतण्या जांभ्याच्या पायरीवर बसला होता. पुढ्यात नारळाची करवंटी आणि करवंटीत वाटाण्याएवढे शिशाचे छर्रे. शेजारी ब्लेडने तोंड कापलेलं लाल प्लॅस्टिकचं एक नळकांडं पडलं होतं. पायरीवर करड्या रंगाची भुकटी सांडली होती. दुसरं नळकांडं त्याने दोन पायांच्या मध्ये उलटं उभं धरलं होतं. त्याची पितळी बुंधी वर होती, बुंधीच्या बरोबर मध्यावर त्याने खिळा टेकवला होता आणि उजव्या हातात हातोडी होती.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर दचकून त्याचा हात खाली आला असता. चार पावलं गेलो आणि त्याचं मनगट धरलं.

‘‘काका, गळाला शिसं पाहिजे होतं,’’ तो म्हणाला. नदीच्या डोहावर मासे धरायला जाणाऱ्या वाडीतल्या पोरांनी त्याला सांगितलं होतं, की काडतुसातलं शिसं गळाला उत्तम. आणि खिळा? ‘‘पितळेला भोक पाडून किचेन करणार होतो.’’

ज्यांनी काडतूस हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा बोअरच्या काडतुसाच्या बुंधीत मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते. बंदुकीचा घोडा ओढला की आतली टाचणी नेमकी त्या टोपीवर आपटते, टोपी पेटते आणि तिची ठिणगी दारूला लागते. खिळा आणि हातोडी हे त्या टाचणीचंच काम करतात. पोराने छर्रे काढले होते, बरीचशी दारूही ओतून टाकली होती, पण टोपी जिवंत होती. नळीत कोंडल्याशिवाय काडतुसाला बंदुकीसारखा जोर येत नाही हे खरं, पण टोपीचे आणि पितळेचे तुकडे चेहऱ्याकडे उडायला तेवढा जोर लागतच नाही. त्याचं तोंड बुंधीपासून वीतभर अंतरावर होतं.

मी त्याला मारलं नाही, रागावलोही नाही. चूक त्याची नव्हती. दिवाळीत तो आला होता तेव्हा मीच त्याच्यासमोर स्टुलावर चढून कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला होता, दोन काडतुसं खिशात घातली होती आणि डबा परत वर ठेवला होता. पोरं असल्या जागा विसरत नाहीत.

आमच्या घरात बंदूक तीन पिढ्यांची. आजोबांकडे ठासणीची होती. तिची दारू ते शिंगात भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, कोकणच्या पावसात ती कोरडी राहावी म्हणून. आज ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. खाली विस्तव आणि वर काळी दारू! पुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बारा बोअर घेतली. त्यांनी सत्तरी ओलांडली तेव्हा परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर करून घेतला. रानडुकराला गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमचे बहुतेक बार हवेतच जातात. भात पोटरीला आलं की डुकरं आणि काजू-आंबा धरला की वानरं. वर्षाला दहा-बारा काडतुसांपेक्षा जास्त खर्च नाही.

बंदुकीबद्दल अण्णा फार काटेकोर. भरलेली बंदूक घरात आणायची नाही. उंबऱ्याबाहेरच मोडून, नळी आभाळाकडे धरून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं आणि मगच आत. नळीचं तोंड कुणाच्या दिशेला झालेलं त्यांना खपत नसे. ही शिस्त आम्ही सगळे पाळत आलो. पण काडतुसांचा डबा मात्र कधी कपाटावर, कधी फडताळात, एकदा तर आमसुलांच्या बरणीशेजारी. बंदूक जमा करताना काडतुसांचं काय करायचं, हा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

त्या संध्याकाळी डबा सतरंजीवर उपडा केला आणि मोजायला बसलो. एकोणीस निघाली. पोराने दोन घेतलेली, म्हणजे एकवीस असणार. पण एकवीसच होती हे मला कोण सांगणार? विकत घेतलेल्या काडतुसांची नोंद परवान्यावर होते. उडवलेल्यांचा हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता. पोराला पुन्हा पुन्हा विचारलं. तो रडकुंडीला येऊन ‘‘दोनच, काका’’ म्हणत राहिला. माझा त्याच्यावर विश्वास होता, पण वाडीतल्या दुसऱ्या कुठल्या पोराच्या दप्तरात तिसरं असेल का, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चार घरी जाऊन मी स्वतः विचारून आलो. आपल्या घरातला दारूगोळा हरवलाय का, हे दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं लागणं फार वाईट.

डब्यात आणखीही काही सापडलं. नवी सगळी खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ छापाची, ती चांगली होती. तळाला मात्र अण्णांच्या काळातली कागदी वेष्टनाची सहा काडतुसं होती. दमट हवेने कागद फुगला होता, पितळेवर हिरवा कळंक चढला होता. आणि त्यांच्याशेजारी आणखी एक काडतूस, बाकीच्यांपेक्षा बारीक. अण्णांनी ते दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते वीस बोअरचं होतं. कुणा स्नेह्याचं आमच्याकडे राहून गेलेलं असणार. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत घातलं तर ते आत घसरतं आणि नळीत पुढे जाऊन अडकतं. मागची जागा मोकळी दिसते. अंधारात, घाईत माणूस मागून दुसरं भरतो आणि चाप ओढतो. मग नळी फुटते, आणि नळीखाली डावा हात असतो. किती वर्षं आम्ही रात्रीच्या अंधारात त्या डब्यात हात घालून चाचपून काडतुसं उचलत होतो!

ते काडतूस हातात धरूनच अण्णांनी आजीची हकीकत सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकली. अण्णा तरुण असताना काजूच्या बांधावरून शेजाऱ्यांशी मोठं भांडण झालं होतं. तोवर घरात नवी बंदूक आली होती. आजोबा तापट. ते तरातरा आत आले, खुंटीवरची बंदूक काढली आणि काडतुसांना हात घालायला गेले तर डबा जागेवर नाही. आजीने तो सकाळीच, भांडणाची चाहूल लागल्याबरोबर, भाताच्या कणगीत पुरून ठेवला होता. आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. पाऊण तासाने आजोबा ओसरीवर बसून पाणी मागत होते. ‘‘तुझ्या आजीने बंदुकीला हात लावला नाही,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तिने काडतुसं हलवली.’’

मला जे सांगायचं आहे ते आजीने तेव्हाच केलं होतं. आम्ही जन्मभर बंदुकीला जपलो. जपायला हवी होती ती काडतुसं.

त्यानंतर आठवडाभरात मी देवरुखात एका वेल्डरकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली. दीड फूट लांब, कडी आतल्या बाजूने झाकलेली, तळाला चार भोकं. ती भोकांतून बोल्ट घालून माझ्या खोलीतल्या भिंतीत पक्की केली. स्वयंपाकघरापासून लांब, उन्हाची तिरीपही येत नाही अशा कोपऱ्यात. पेटीत फक्त काडतुसं. रॉकेल, तेल, रंगाचे डबे यांतलं काही आसपासही नाही. दमटपणासाठी सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि पावसाळ्यात त्या दर महिन्याला बदलतो. बंदूक आता खुंटीवर नसते. ती दुसऱ्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, वेगळ्या कुलपाखाली असते. दोन कुलपांच्या दोन किल्ल्या, आणि दोन्ही माझ्या कमरेला. पूर्वी घरातल्या सगळ्या किल्ल्या देव्हाऱ्यामागे असायच्या आणि हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जादा किल्ल्या तालुक्याच्या बँकेत लॉकरमध्ये ठेवल्या.

अण्णांना हे पटायला वेळ लागला. ‘‘डुकरं शेतात शिरल्यावर किल्ल्या शोधत बसायचं काय रे?’’ त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून एका रात्री मी अंथरुणात आडवा झालो आणि त्यांना घड्याळ घेऊन बसवलं. उठलो, दोन्ही कुलपं काढली, काडतूस घेतलं, अंगणात जाऊन बंदूक भरल्याचं दाखवलं. पावणेदोन मिनिटं. अण्णा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक शंभर पानी वही माझ्या हातात ठेवली. तारीख, आणलेली, उडवलेली, शिल्लक, असे चार रकाने त्यांनी पट्टीने आखले होते.

ती जुनी सहा काडतुसं आणि वीस बोअरचं एक, अशी सात मी पोलीस ठाण्यात लेखी अर्जासह नेऊन दिली. ‘‘पुरून टाका की परसात,’’ असं सांगणारे भेटले. जमिनीत पुरलेलं काडतूस नांगराला लागतं, पोरांना सापडतं. चुलीत टाकणं तर त्याहून भयंकर. वीस बोअरचं तर आमच्या परवान्यातही बसत नव्हतं. अर्ज लिहिताना हात जड झाला होता, पण दिल्यावर फार मोकळं वाटलं.

पुतण्यासमोर मी ती दोन नळकांडी ठेवली आणि टोपी कुठे असते, ती कशाने पेटते, हे नीट दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक सांगतो. ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे त्यांनी मे महिन्याची सुटी लागण्याआधी, पोरं गावी यायच्या आत, आपला काडतुसांचा डबा एकदा खाली काढा. उपडा करून मोजा, बोअर तपासा आणि तो कुलपात घाला. बंदूक ठाण्यात जमा असेल तर आधी घाला.