परतीची वायर

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसणाऱ्या बोटभर सेन्सरनं माझी आयुष्यभराची एक पद्धत मोडीत काढली. त्याबद्दल लिहायचं आहे.

मी उल्हासनगरात गाड्यांचं वायरिंग करतो. पण नुसता हॉर्न आणि टेप बसवणारी गाडी माझ्याकडे येत नाही. जुन्या जीप, जिप्सी, थार, गुरखा, स्कॉर्पिओ येतात. कुणी लेहला निघालेलं असतं, कुणी स्पितीला, तर कुणी 2014 पासून गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला. जादा दिवे, विंच, दुसरी बॅटरी, फ्रिज, टायरचा कॉम्प्रेसर अशी कामं. पॉझिटिव्हची बाजू मला कधी अडली नाही. बॅटरीपासून वीतभरात फ्यूज, रिलेच्या 30 वर सप्लाय, 87 वर दिवा. हे ज्याला येत नाही त्यानं बोनेट उघडू नये. माझं आयुष्य गेलं ते अर्थिंगमध्ये.

लॅडर फ्रेमची गाडी बाहेरून एक दिसते, पण विजेच्या हिशेबात ती तीन लोखंडं असते. बॉडी रबरी माउंटिंगवर चॅसीला बसलेली, इंजिनही रबरावर टेकलेलं. या तिघांना जोडतात त्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या आणि एक-दोन काळ्या केबली, ज्यांच्याकडे सर्व्हिसिंगला कुणी बघत नाही. इंजिनची पट्टी तुटली म्हणून स्टार्टरचा करंट थांबत नाही, तो दुसरी वाट धरतो. अ‍ॅक्सिलरेटरची नाहीतर गिअरची केबल त्याला सापडते. मग केबलचं आतलं अस्तर वितळतं, पेडल जड होतं, गिऱ्हाईक मेकॅनिककडे जाऊन केबल बदलतो, नवीही जळते आणि तेव्हा कुठे गाडी माझ्या दारात येते. अशा गाडीत मी आधी पट्टीला हात घालतो. पट्टी बहुतेक वेळा जागेवर असते, फक्त बोल्टखालचा रंग कुणी खरवडलेला नसतो.

अर्थिंगचं हे वेड मला उस्तादांकडून आलं. त्यांचा हात बसला तो विलीज जीपवर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं छावण्या उभारल्या, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना जागा मिळाली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी इथं नव्या गावाची कोनशिला बसवली. कॅम्प नंबर सांगितल्याशिवाय आजही इथला पत्ता पुरा होत नाही. लष्कराच्या जुन्या जीप डिस्पोजलमध्ये निघायच्या, त्या दुरुस्त करताना उस्ताद शिकले. ती विलीज 6 व्होल्टची. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट. आणि सांध्यात अर्धा व्होल्ट गेला तर 12 व्होल्टच्या गाडीत जे नुसतं बोचतं, ते 6 व्होल्टच्या गाडीत सरळ अंधार करतं. त्यामुळे त्यांचा एकच नियम होता: बॉडीवर विश्वास ठेवायचा नाही. जितक्या जाडीची लाल वायर पुढे गेली तितक्याच जाडीची काळी वायर मागे थेट बॅटरीच्या खांबापर्यंत आणायची. दिवा छपरावर असो, फ्रिज डिकीत असो, काळी वायर बॅटरीवरच. गिऱ्हाईक म्हणायचा, वायर कशाला फुकट घालवता, इथंच बोल्ट आहे की. उस्ताद काम अर्धवट सोडून चहाला निघून जायचे. हा नियम मी जसाच्या तसा उचलला आणि माझ्या गाड्यांनी तो वर्षानुवर्षं खरा करून दाखवला.

हिशेब अगदी साधा आहे. 100 वॅटचा हॅलोजन सव्वाआठ अँपिअरच्या आसपास ओढतो. परतीच्या सांध्यात एक दशांश ओहम अडथळा असला की तिथंच पाऊण व्होल्टाहून जास्त पडतो. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगानं घसरतो, म्हणून एवढ्यानंच प्रकाशाचा पाचवा हिस्सा जातो. माळशेजच्या धुक्यात तो पाचवा हिस्सा म्हणजे कठडा दिसणं किंवा न दिसणं. विंचचं गणित याहून भयंकर. 9500 पौंडांचं, म्हणजे 4300 किलो ओढणारं विंच भरल्या ओझ्याला 400 अँपिअरच्या घरात जातं. तिथं ओहमचा दोन हजारावा भाग जरी आडवा आला तरी त्या एका बोल्टवर 80 वॅट उष्णता तयार होते. विंचचा वेग कमी झाला की लोक मोटरला शिव्या देतात. मी बोल्टला हात लावून बघतो.

हॅलोजनच्या काळात खराब अर्थिंग स्वतःहून बोलायचं. एक दिवा पिवळा पडायचा, इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट मंद धडधडायचा, समोरून गाडी बघितली तरी दुखणं कळायचं. एलईडीनं ते बोलणं बंद केलं. चांगल्या एलईडी बारमध्ये आत ड्रायव्हर असतो. व्होल्टेज कमी मिळालं की तो जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतो. म्हणजे सांधा जितका खराब, करंट तितका जास्त, सांधा तितका गरम, आणि बाहेरून दिवा लख्ख! कपलर वितळून काळा होईपर्यंत कुणाला पत्ता नाही. एलईडीचा प्रकाश मला आवडतो, करंटही कमी लागतो. पण त्यानं माझ्या धंद्यातली एक खूण पुसली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्याकडे बदलापूरचा एक मुलगा काम शिकतो. आयटीआय करून आलेला, हुशार, कमी बोलणारा. आल्या आल्या त्यानं मीटर बझरवर लावून सगळे अर्थ तपासले, प्रत्येक ठिकाणी बीप वाजली, म्हणाला, "काका, सगळं ओके." मी त्याला 84 तारांची सहा एमएमची वायर घ्यायला लावली आणि एक तार सोडून बाकी सगळ्या कापायला सांगितल्या. मीटर लावला. बीप तशीच. मग त्याच वायरवर हॅलोजन पेटवला. ती तार लाल झाली आणि गेली. बझर ओठ ओले करण्याएवढा करंट सोडतो, त्याला एक तारही पुरते. त्यामुळे अर्थ तपासायचा तो दिवा चालू ठेवून, मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरं दिव्याच्या काळ्या वायरवर. शंभर मिलीव्होल्टच्या आत आलं तर हात धुवायचे. पोरानं ते एकदाच ऐकलं. आता तो माझ्यापेक्षा कडक आहे, ऐंशीला सुद्धा नाक मुरडतो.

त्याला ठेवून घेण्याचं कारण माझी बोटं. साखरेमुळे टोकांची जाणीव कमी झाली आहे. वायरच्या टोकाला लग दाबताना तारा एकमेकींत बसल्याचं मला बोटांना कळायचं. हातात एक शेवटचा हलका धक्का यायचा आणि तिथं थांबायचं. त्यापुढे दाबलं तर तारा कापल्या जातात, आधी सोडलं तर फट राहते आणि पहिल्या पावसात आत हिरवं धरतं. तो धक्का आता मला लागत नाही. दाबायचं काम मी मुलाला दिलं आणि स्वतः ओढून बघायला राहिलो. ओढून बघणं म्हणजे झालेलं काम तपासणं, करणं नव्हे. हा फरक मला रोज टोचतो.

आणि इथं खरं सांगायला हवं. मला कौतुकाची हाव होती आणि आहे. हार्नेस मी प्लास्टिकच्या टायनं बांधत नाही, मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधतो, समान अंतरावर गाठी मारून. त्याचा फायदा आहेच, दोरा तापून तडकत नाही. पण त्या गाठी मी मारतो त्या मुख्यतः यासाठी की नाशकात किंवा मनालीत कुणी मेकॅनिकनं बोनेट उघडलं तर त्यानं विचारावं, हे कुणी केलं? तसे फोन आले आहेत आणि ते मी घरी दोन-दोनदा सांगितले आहेत. माझं वायरिंग कुणी मध्येच कापून जोडलं असेल तर ती गाडी मी परत घेत नाही. गिऱ्हाईकाला सांगतो की गॅरंटी गेली. पण खरं कारण, मला ते बघवत नाही.

इथल्या हवेचाही या धंद्यात वाटा आहे. वालधुनी अंबरनाथकडून येते, उल्हासनगरातून कल्याणला जाते आणि वाटेत कारखान्यांचं काय काय पोटात घेते ते काठावर राहणाऱ्याला नाकानं कळतं. 2014 च्या अखेरीस तिच्यात विषारी रसायन सोडलं गेलं आणि काठच्या शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. माणसांचं जे होतं ते होतंच, तांबंही काळवंडतं. नदीकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीचा उघडा लग आणि बदलापूरच्या पलीकडे कोंडेश्वराच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीचा लग मी समोर ठेवून ओळखू शकतो. म्हणून माझा प्रत्येक लग गोंदाच्या हीट श्रिंकमध्ये असतो आणि खरवडलेल्या लोखंडावर बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस असतं. जुलै 2019 च्या ज्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, त्यानंतर भिजलेल्या गाड्यांची रांग लागली. तेव्हा लोकांना पटवणं कठीण गेलं की पाणी फक्त कपलरमध्ये गेलेलं नाही. तारांच्या मधल्या फटीतून पाणी इन्सुलेशनखाली वर चढतं. वायर टोकाला सोलून तांबं काळं दिसलं की मागे मागे कापत जायचं, लाल तांबं लागेपर्यंत. काही वायरी संपल्या, लाल तांबं लागलं नाही.

आता सगळीकडे 'कपलर टू कपलर'ची मागणी आहे. गिऱ्हाईकाला वायर कापलेली नको, कंपनीची वॉरंटी जाईल ही भीती. भीती योग्य आहे. पण दुकानदार डबीतून तयार हार्नेस काढतो, खटकन लावतो आणि अर्ध्या तासात गाडी सोडतो. त्या हार्नेसमधली वायर ब्लेडनं खरवडा, वरून तांबडी आणि आतून पांढरी निघेल. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तांब्याच्या साठ टक्क्यांएवढीच वीज वाहते त्यातून, आणि वाकवलं की तुटतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन्ही मिळतात, शेजारी-शेजारी, एकाच रंगात. मोठमोठे विंच बंपर बसवून देणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं? बुल बार बेकायदा आहेत असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं. गाडीच्या मूळ रचनेला हात लावता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये म्हटलं. तरी लोखंड विकलं जातंय. मी बंपरचं काम घेत नाही. दुसऱ्यानं बसवलेल्या विंचला केबल मात्र देतो, कारण नाही दिली तर गिऱ्हाईक विंच जंप लीडनं जोडेल.

तर, सेन्सर. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर तो बसलेला असतो आणि बॅटरीतून किती करंट गेला, किती आला, ते मोजत राहतो. त्या आकड्यावर गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटर कमी-जास्त करतो. मुलानं मला एके दिवशी स्कॅनर लावून दाखवलं. मी माझ्या पद्धतीनं फ्रिजची काळी वायर खांबावर घेतली होती. फ्रिज चालू, क्लॅम्प मीटरवर चार अँपिअर, आणि स्कॅनरवर त्या चार अँपिअरचा पत्ताच नाही. माझी वायर सेन्सरला वळसा घालून जात होती. मग त्यानं तीच वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या स्टडवर लावली. स्कॅनरचा आकडा लगेच चारनं हलला. मी बराच वेळ बोललो नाही. रात्रभर तंबूशेजारी फ्रिज चालवलेली गाडी स्वतःच्या बॅटरीला भरलेली समजत राहील, अल्टरनेटर साडेबारा व्होल्टांवर रेंगाळेल आणि दोन-चार मुक्कामांनंतर एखाद्या सकाळी ती उठणार नाही. उस्तादांचा नियम विलीजला खरा होता, जिप्सीला खरा होता. या गाडीत तोच नियम गाडीच्या मेंदूला आंधळं करतो.

तेव्हापासून अशा गाडीत मी बॉडीच्या बाजूला तांब्याची एक जाड पट्टी बसवतो. सगळ्या काळ्या वायरी तिच्यावर येतात आणि तिच्यातून एकच 25 एमएमची केबल कंपनीच्या अर्थ स्टडवर जाते. काळ्या वायरी मी अजूनही पूर्ण लांबीच्याच घेतो. छपराच्या पत्र्यावर अर्थ सोडायला मन तयार होत नाही आणि होऊही नये.

विंचवर मात्र आमचं अडलं आहे. मी म्हणतो, विंचची केबल थेट खांबावर. गाडी लॉक करून काही तास उभी राहिली की सेन्सर विश्रांतीच्या व्होल्टेजवरून स्वतःचा हिशेब पुन्हा जुळवतो, तेवढी चूक त्याला पचेल. मुलगा विचारतो, "काका, स्टार्टरचा करंट पण त्याच सेन्सरमधून जातो ना? मग विंचचा का नको?" प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं की स्टार्टर दोन सेकंद फिरतो आणि चिखलात विंच दोन मिनिटं ओढतं. कंपनीची ती हातभर काळी केबल आणि तिचा बोल्ट कुणी दोन मिनिटांसाठी बनवलेला नाही. त्याला उत्तर नको आहे, आकडा हवा आहे. तो माझ्याकडूनच हे शिकला, त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही.

दारात सध्या एक थार उभी आहे, विंचची केबल दोन्हीकडे पोचेल इतकी लांब ठेवली आहे. येत्या रविवारी तिला मलंगगडाच्या पायथ्याच्या चढावर नेऊन, झाडाला पट्टा बांधून, ब्रेक दाबून विंच ओढायचं आणि दोन्ही जोडण्यांत ड्रॉप घ्यायचा असं ठरलं आहे. बॉडीकडून माझा अंदाज साडेतीनशे मिलीव्होल्टचा. तो म्हणतो, शंभराच्या वर गेलं तर केबल तुम्ही म्हणाल तिथं.