आत कोण आहे?

परवा ऑफिसातल्या नव्या पोरानं मुंबईतल्या सर्व्हरवर ‘रिबूट’ टाइप करून सरळ एंटर मारला.

“अरे, आत कोण बसलंय ते तरी बघायचंस!”

“सर, दोन मिनिटांत वर येतोय की.”

आलाही. तरी माझी चिडचिड जाईना.

लांबच्या मशीनला हात लावताना आधी ‘होस्टनेम’ मारावं, म्हणजे आपण कुठल्या मशीनवर आहोत ते कळतं. मग ‘हू’, म्हणजे आत कोणकोण आहे ते. मग ‘शटडाउन मायनस आर’, पुढं अधिक पाच आणि निरोपाचे दोन शब्द. पाच मिनिटांत लोक आवरतात; आपलं मन बदललं तर ‘शटडाउन मायनस सी’ आहेच. आरच्या जागी एच पडला तर मात्र मशीन बंदच. मग बटण दाबायला माणूस शोधा.

ऑगस्ट 2019 मध्ये मी मुद्दाम एच दाबला. मी पुण्यात अडकलेलो, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडलेली. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या ऑफिसात, वरच्या मजल्यावर, वीज नाही. सर्व्हर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर. ‘हू’ मारलं तर एक लॉगिन चालू! फोन लागेना. दहा मिनिटांची मुदत घालून निरोप टाकला, ‘बॅटरी संपतेय, काम सेव्ह करा.’ थोड्या वेळानं पुन्हा ‘हू’ मारलं. नाव गेलेलं.

दूध संस्थांची दहा दिवसांची बिलं अडकू नयेत म्हणून आमच्या एक बाई वरच थांबल्या होत्या, सोबत शिपाईमामा. पुढं भेटल्यावर म्हणाल्या, “सेव्ह केलं आणि टेबलावरच आडवी झाले. जाणार कुठनं? जिन्यात पाणी.”

आयबीएम 4341 या जुन्या मोठ्या संगणकाच्या, मशीन बंद करायच्या मोठ्या लाल बटणाशी एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या चिमुरडीनं एकाच दिवसात दोनदा खेळ केला, म्हणून त्यावर झाकण बसवलं, असं सांगतात. तिच्याच नावाचं ‘मॉली-गार्ड’ डेबियन लिनक्सवर मिळतं. लांबून, एसएसएचवरून रिबूट मारला की ते मशीनचं नाव विचारतं. चुकीचं सांगितलं तर जागचं हलत नाही. पोराच्या सगळ्या सर्व्हरवर ते चढवलंय. कुरकुरतोय, कुरकुरू दे.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कुठं कुणाला विचारतात? पाणी चढलं की उघडले. त्यांच्यावर मात्र आम्ही कुणी चिडत नाही. ‘चौथा उघडला’ अशी बातमी आली की नदीकाठच्या प्रयाग चिखलीतल्या मावशीला फोन लावायचा. ती तोवर उंचावरच्या सोनतळीच्या वाटेला लागलेली असते.

“म्हशी पुढं काढल्यात,” ती म्हणते, “तुझे काका मागनं येतील.”