उंबरठ्यापर्यंतचे शिक्षण

एखादी शिक्षणसंस्था पारखावयाची झाली की आपण तिच्या पुढच्या दाराने आत शिरतो. इमारत पाहतो, यंत्रे पाहतो, भिंतीवर लावलेल्या गुणवंतांच्या नामावळ्या वाचतो आणि मत बनवून बाहेर पडतो. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत ही पारख अपुरी ठरते, कारण तेथे शिकणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असा आणखी एक माणूस असतो. तो म्हणजे रुग्ण. तो मागच्या दाराने घरी जातो, आणि तेथपर्यंत पाहावयास सहसा कोणी थांबत नाही. मी स्वतः फार उशिरा थांबले. त्याचीच ही हकीकत आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची मुलगी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. मी बेळगावात तीस वर्षे जो व्यवसाय केला तोच तिने निवडला, आणि भावाच्या घरी थोडी निराशा पसरली. "फिजिओथेरपीच करायची होती, तर डॉक्टर होण्यात एवढी वर्षं कशाला घालवली?" असे वहिनीने मला विचारले. हा प्रश्न मला नवा नव्हता. पुनर्वसन वैद्यकाचा डॉक्टर म्हणजे व्यायाम करवून घेणारा मनुष्य, असाच समज सर्वत्र आहे.

वास्तविक हे शास्त्र निराळे आहे. पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडलेला, मज्जारज्जूला दुखापत झालेला, पाय कापावा लागलेला, किंवा जन्मतःच मेंदूला इजा झालेले मूल, यांचा जीव वाचवण्याचे काम इतर डॉक्टर करतात. जीव वाचला, आता जगावयाचे कसे, या प्रश्नापासून आमचे काम सुरू होते. मूत्राशयावरचा ताबा गेला तर काय करावे, आखडलेले स्नायू कशाने सैल करावेत, कृत्रिम पाय कोणत्या जातीचा द्यावा, हे डॉक्टरने ठरवावयाचे. भौतिकोपचार, व्यवसायोपचार व वाचोपचार करणारे तज्ज्ञ, कृत्रिम अवयव घडवणारा कारागीर, परिचारिका आणि समाजसेविका या सर्वांना एका विचाराने चालवावयाचे, हेही त्याचेच काम. आपल्याकडे हा एम.डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. ती तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात राहून काढावयाची असतात आणि त्यांतच एक प्रबंधही लिहावयाचा असतो.

प्रवेशासाठी संस्थांचा पसंतीक्रम ठरावीक मुदतीत संगणकावर भरावा लागतो. एकदा तो पक्का केला की मागे फिरता येत नाही. भाचीच्या यादीत शेवटी दोन संस्था उरल्या. मुदतीला पाच दिवस असताना तिचा फोन आला. "आत्या, तू माझ्याबरोबर चल. दोन्ही ठिकाणं तुझ्या डोळ्यांनी पाहा आणि मला सांग." मी जावयाचे कबूल केले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझा स्वतःचा प्रवेश आठवला, आणि त्याबरोबर एक रुग्ण आठवला.

मी ज्या संस्थेत शिकले तिचे नाव येथे सांगत नाही. त्या काळी तिचा लौकिक मोठा होता आणि तो पाहूनच मी ती निवडली होती. माझ्या दुसऱ्या वर्षी सावंतवाडीकडच्या एका खेड्यातला सव्वीस वर्षांचा तरुण आमच्या वॉर्डात आला. नारळ पाडण्याचा त्याचा धंदा. माडावरून पडून पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालची सारी संवेदना गेली होती. चार महिने तो आमच्याकडे राहिला. दंडांच्या जोरावर खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जावयास तो शिकला, स्वतः कॅथेटर घालावयास शिकला, आणि वॉर्डातल्या लांब, गुळगुळीत फरशीवर इतक्या वेगाने खुर्ची फिरवू लागला की परिचारिका त्याला रागे भरत. डिस्चार्जच्या दिवशी मी केसपेपरवर 'प्रकृतीत सुधारणा' असे लिहिले आणि खाली सही केली. आमच्या प्राध्यापकांनी त्याचा वृत्तान्त एका सभेत वाचला, आणि त्यासाठी लागणारी चित्रे मी काढून दिली.

अडीच महिन्यांनी तो परत आला. माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होते. ज्या कातडीला संवेदना नसते तिच्यावरचा भार वेळोवेळी हलवावा लागतो. खुर्चीत बसलेल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलावे, आणि अंथरुणावरच्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, हे आम्ही पुस्तकातून पाठ केले होते. त्याची बायको खाटेशेजारी बसून रडत होती. मी तिला जरा कठोरपणानेच विचारले, "यांना खुर्चीत का बसवलं नाहीत?"

ती म्हणाली, "डॉक्टरबाई, खुर्ची घरात येईना. आमचा उंबरठा एवढा उंच." तिने हाताने दाखवले ते माप वीतभराहून अधिक होते. "दार पण अरुंद. खुर्ची पडवीतच राहिली. तिच्यावर कोंबड्या बसतात."

शौचकूप परसात होता आणि तेथवर जावयास सात दगडी पायऱ्या होत्या. नवऱ्याला रात्री कुशीवर वळवावे लागते हे तिला कोणी शिकवलेच नव्हते, कारण भेटीच्या वेळेखेरीज तिला वॉर्डात कोणी येऊ देत नसे. चार महिन्यांत त्याच्या घराला पायऱ्या किती, हे आम्हां कोणाच्याही तोंडून एकदासुद्धा विचारले गेले नाही. रक्तात विष भिनून तिसऱ्या आठवड्यात तो गेला. त्याच्या पहिल्या केसपेपरवरची माझी सही आजही तेथे असेल.

दोष एकट्या संस्थेचा होता असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारावयास मला कोणी मनाई केली नव्हती. पण शिक्षण म्हणजे तरी काय? कोणता प्रश्न विचारावा याची सवय लावणे. ती सवय मला तेथे कोणी लावली नाही.

या शास्त्राचा जन्म मात्र याच प्रश्नातून झाला होता. अमेरिकेत फ्रँक क्रुसेन यांना डॉक्टर झाल्यावर क्षय झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या माणसाची शक्ती कशी झिजते हे त्यांनी रुग्ण म्हणून अनुभवले, आणि पुढे १९३६ साली मेयो क्लिनिकमध्ये या विषयाचे तीन वर्षांचे निवासी शिक्षण सुरू केले. हॉवर्ड रस्क यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांच्या बाबतीत तोच विचार केला आणि नंतर न्यूयॉर्कला मोठी संस्था उभारली. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली अखिल भारतीय संस्था निघाली. आणि वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस! १९५४ च्या मोटार अपघातात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, रस्क यांच्याकडे न्यूयॉर्कला जाऊन हे शास्त्र शिकल्या, आणि परतून त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हा विभाग उभा केला. १९६६ साली तेथे पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था उघडली. उंबरठा किती उंच असतो हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. आपणां इतरांना मात्र ते शिकवावेच लागते.

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघी निघालो. पहिली संस्था पाहून भाची हरखून गेली. रुग्णाला पट्ट्यांनी उचलून धरून चालवणारे स्वयंचलित यंत्र तेथे होते. नसा व स्नायूंची विद्युत्-तपासणी करण्याची खोली अद्ययावत होती आणि निवासी डॉक्टरांना ती स्वतःच्या हाताने रोज करावयास मिळे. प्राध्यापक विद्वान आणि सौजन्यशील होते. मी एका तृतीय वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारले, "तुमचा अलीकडे घरी गेलेला रुग्ण आता कसा आहे?" तो क्षणभर गोंधळला. "मॅडम, त्याचा डिस्चार्ज झाला," तो म्हणाला. मी पुन्हा विचारले. त्याने तेच उत्तर दिले. मुलगा हुशार होता आणि प्रामाणिकही होता. मला त्याच्या जागी मीच दिसले.

दुसरी संस्था जुन्या इमारतीत होती. चालण्याच्या सरावाच्या दांड्यांचा रंग उडालेला. विद्युत्-तपासणीचे यंत्र एकच आणि तेही जुने. निवासी डॉक्टर संख्येने थोडे. त्यांतल्या एका मुलीने, रात्रपाळी फार पडते, प्रबंधाला वेळ उरत नाही, अशी उघड तक्रार केली. पण एका कोपऱ्यात चूल, ओटा आणि मोरी असलेले लहानसे स्वयंपाकघर होते. पक्षाघाताने उजवा हात गेलेली एक बाई तेथे डाव्या हाताने भाकरी थापत होती आणि तिची सून शेजारी उभी राहून पाहत होती. आम्ही गेलो तो दिवस साप्ताहिक बैठकीचा होता. डॉक्टर, परिचारिका, तज्ज्ञ आणि कारागीर सारे गोल बसले होते. एका रुग्णाच्या डिस्चार्जची तारीख ठरत होती, तेव्हा कृत्रिम पाय बनवणारा कारागीर म्हणाला, "अजून आठ दिवस थांबा. याचं शेत उताराचं आहे, आणि हा अजून सपाटीवरच चालतो." विभागप्रमुखांनी ते ऐकले आणि तारीख पुढे ढकलली. निवासी डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतले.

त्या तक्रार करणाऱ्या मुलीला मी तोच प्रश्न विचारला. तिने रुग्णाचे गाव सांगितले, घराच्या पायऱ्या सांगितल्या आणि म्हणाली, "परवाच फोन केला होता. खुर्चीचं पुढचं चाक निघालंय. मुलाला घेऊन यायला सांगितलंय."

परतीच्या गाडीत मला वाटले, आता बोलावयाचे काही उरले नाही. पण भाचीने मला गप्प केले. "आत्या, तुझा प्रश्न खरा आहे, पण तुझं सारं माप त्या एका माणसाच्या जखमेवरून आलं आहे. अमेरिकेत या विषयाच्या उमेदवाराला सुमारे दोनशे विद्युत्-तपासण्या कराव्या लागतात. ती संख्या उगीच ठरवलेली नाही. नस कुठे दबली आहे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने नुसती माया करून रुग्णाचा काय उपयोग?"

तिचे म्हणणे खरे होते आणि मी ते मान्य केले. हातातले कौशल्य संख्येनेच येते. वॉर्डात खाटा किती, रुग्ण किती प्रकारचे येतात, शिकवणारे कितीजण आहेत, तपासणी स्वतः करावयास मिळते की नुसती पाहावयास, हे सारे विचारलेच पाहिजे. या बाबतीत पहिली संस्था निःसंशय उजवी होती. मी तिला एवढेच म्हणाले, "यंत्रावरचं काम तुला पुढेही शिकता येईल. कुठे महिना-दोन महिने जाऊन राहशील, हात बसवशील. पण पहिल्या तीन वर्षांत जी नजर पडते, ती बदलायला मला एक माणूस गमवावा लागला." यापुढे मी काही बोलले नाही. निर्णय तिचा होता.

मुदतीच्या संध्याकाळी तिने दुसऱ्या संस्थेचे नाव वर घातले. वहिनीला ते अजूनही पुरते पटलेले नाही. मलाही मनातून धास्ती होतीच. जुने यंत्र, अपुरी माणसे. उद्या पोरीने मला दोष दिला तर?

सहा महिन्यांनी एका रात्री फोन आला. आवाज थकलेला होता. "आत्या, एका आजोबांना शनिवारी घरी सोडायचं आहे. दाराशी पाच पायऱ्या आहेत. मुलाने सुतळीने मोजून आणलं, एकेक पायरी सहा इंच. म्हणजे उंची तीस इंच. एका फुटाला बारा फूट धरले तर उतार तीस फूट लांब हवा. आणि अंगण आहे वीस फुटांचं. काय करू?"

मी म्हटले, "सरळ कशाला बांधतेस? पंधरा फुटांवर सपाट जागा ठेव आणि तिथून वळव. पण खुर्ची वळेल एवढी ती जागा रुंद हवी. आणि दाराचं माप घेतलंस का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "नाही घेतलं. उद्या सकाळी मुलाला पुन्हा पाठवते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वाचकहो, तुमच्या घरचे कोणी रुग्णालयातून परत यावयाचे असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. दाराची रुंदी आणि उंबरठ्याची उंची तुम्हीच मोजून घेऊन जा. आणि घरात कोणी हे शास्त्र शिकू इच्छीत असेल, तर संस्थेची यंत्रे जरूर पाहा. पण तेथून घरी गेलेल्या शेवटच्या रुग्णाची विचारपूस केल्यावाचून तेथून निघू नका.