सोबतीला

जव्हारच्या एसटी स्टँडवर नाशिकची गाडी लागायची होती. बाकावर शेजारी एक बाई, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चार घड्या पडलेला केसपेपर. त्या घडीत गोळ्यांची अर्धी पट्टी. नवरा पलीकडे खांबाला टेकून उभा. "महिनाभर झोप नव्हती त्याला," ती म्हणाली. "मग एकदा बोलला, मी नसलो तर बरं. त्या दिवसापासून मी पण झोपले नाय." गाडी लागली. तिने आधी त्याला चढवलं, मग स्वतः चढली. केसपेपरवर नाव एकट्या नवऱ्याचं होतं.

*

इकडे 'डिप्रेशन' कुणाला होत नाही. डोकं जड होतं, हातपाय गळून जातात, भाकरी गोड लागत नाही, जीव कशात रमत नाही. नाहीतर 'बाहेरचं' लागतं. शहरातून येणाऱ्या डॉक्टरांनी हे शब्द आधी शिकून घ्यावेत. पाड्यावरच्यांना 'डिप्रेशन' शिकवत बसण्यापेक्षा ते लवकर होईल.

*

गावाकडे 'सोबतीला जाणं' म्हणून एक रीत आहे. बाळंतिणीकडे, नवरा बाहेरगावी गेलेल्या बाईकडे, मयत झालेल्या घरी कुणीतरी रात्री झोपायला जातं. काम काहीच नसतं. अंथरूण टाकायचं, चार गोष्टी बोलायच्या, रात्री कुणी उठलं तर "काय गं?" एवढं विचारायचं. घरात कुणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांना सांगतात: एकटं सोडू नका, ऐका, उपदेश करू नका. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. फक्त या दुखण्यासाठी सोबत मागायची आपल्याला लाज वाटते.

*

जव्हारहून नाशिक साधारण 80 किलोमीटर. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, पण इथून ते त्याहूनही लांब. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. पण पावसाळ्यात कितीतरी पाड्यांवरून तिथं पोचायचं तर ओढा उतरायची वाट बघावी लागते. म्हणजे पहिली रात्र घरच्यांनीच काढायची.

ओढ्याचंच उदाहरण घ्या. डोंगरातलं पाणी बघता बघता चढतं आणि तसंच उतरतं. चढत्या पाण्यात पाय घालणाऱ्याला काठावरचे धरून बसवतात. जीव द्यायची ऊर्मीही बहुतेकदा अशीच चढते आणि ओसरते. तेवढा वेळ धरून बसणारं माणूस लागतं.

*

त्या रात्रीसाठी.

विचारायचं ते सरळ विचारायचं: "दादा, जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे; उलट बोलणाऱ्याचं ओझं उतरतं. "येतं" म्हणाला तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, "पोरांकडे बघ" म्हणायचं नाही. पोरांकडे बघूनच त्याला स्वतःची लाज वाटत असते. "आज मी इथंच झोपतो," एवढं म्हणायचं.

फवारणीचं औषध आणि घरातल्या गोळ्या शेजाऱ्याकडे ठेवायला द्यायच्या. दारू त्या रात्री घरात नको.

14416 लावायचा. ही सरकारची 'टेलिमानस' सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. रेंज नसेल तर एकाने टेकडीवर जायचं, दुसऱ्याने जवळ बसायचं. काही करून घेतलंच असेल तर 108 ची रुग्णवाहिका, आणि थेट दवाखाना.

*

"पोलीस केस होईल," म्हणून माणसं दवाखान्यात खोटं सांगतात. डॉक्टरला खरं कळलं नाही तर उपचार चुकतो. कायदा आता तसा राहिलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. त्याचं कलम 115 म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 सुद्धा 1 जुलै 2024 पासून त्या संहितेबरोबरच गेलं. ग्रामसभेत हे एकदा मोठ्याने वाचून दाखवावं.

*

मराठी पेपरात आत्महत्या म्हटलं की विदर्भातला शेतकरी डोळ्यांपुढे येतो. एनसीआरबीच्या 2022 च्या अहवालात महाराष्ट्र देशात पहिला, 22,746. पण देशभरातल्या 1,70,924 जणांत चौथ्या हिश्शाहून जास्त रोजंदारीवरचे होते. जव्हार-मोखाड्याचा माणूस यातला. दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे, ते पावसाच्या तोंडावर परतायचं. पाडा सुटला की आशाताईची नजरही सुटते. गोळ्या चालू असलेल्याने निघताना केसपेपर आणि महिन्याभराच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. बिऱ्हाडाच्या बोचक्यात तवा-पातेलं आठवणीने बांधतो, तसं.

*

भगताशी भांडण मांडून उपयोग नाही. रात्री अकराला उठून जो येतो, तोच घरच्यांना आपला वाटतो. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला: दुआ मागायला आलेल्यांना तिथेच मानसोपचाराची गोळी. आपल्याकडेही भगताने अंगारा द्यावा आणि म्हणावं, "उद्या दवाखान्यात पण जाऊन ये." त्याच्या शब्दाला इथे वजन आहे.

*

वजनावरून आठवलं. 1992-93 च्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुका देशाला माहीत झाला. तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक साहेब बाळाच्या वजनाचं विचारतो. काट्यात बाळ घालताना आईलाही विचारावं: "तुला झोप लागते का गं?" या प्रश्नाला काटा लागत नाही.

*

घाटावर, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात दहा-बारा वर्षांपूर्वी 41 गावांत 'आत्मीयता' नावाचं काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचं. गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडे लोक एरवीही मन मोकळं करायला जातात. त्यांना ऐकायला शिकवलं, अडचण सोडवायला हात कसा द्यायचा ते शिकवलं, सरकारी योजनांची माहिती दिली, आणि दुखणं जास्त वाटलं तर डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं. डोंगर तसाच, माणसंही आपल्यासारखीच. तिथे जमलं ते इथे जमायला हरकत नसावी.

*

दवाखान्यातून घरी आणलं की "सुटलो" वाटतं. तिथून पुढचे आठवडेच जपायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच शहरांत, जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या 1,867 जणांवर अभ्यास केला. 2008 मध्ये तो छापून आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय तासभराचं बोलणं आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी फेरी. पहिल्या गटात दर हजारी साधारण 22 जण आत्महत्येने गेले, दुसऱ्यात 2. नऊ फेऱ्या म्हणजे किती? एका आशाताईच्या चपलेलाही जड नाहीत.

*

जे गेलेच, त्यांच्या घरी बाराव्यापर्यंत माणसं असतात, तेराव्या दिवशी अंगण रिकामं होतं. मग कुजबुज सुरू होते: बायकोनेच काही केलं असेल. अशा घरी तेराव्या दिवसानंतर जावं. त्याचं नाव घेऊन बोलावं, कारण विचारू नये.

*

एसटी स्टँडवरच्या त्या बाईला गोळ्यांचं विचारलं, गाडीचं विचारलं. तिच्या सोबतीला कोण येतं, हे विचारायचं राहून गेलं.